खाली पळायचं की दार लावून बसायचं?

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. अजेंड्यावर पहिला विषय पार्किंग, दुसरा विषय पाहुण्यांचं पार्किंग आणि तिसरा ‘आग लागल्यास काय करावे, याचा बोर्ड’. पहिल्या दोन विषयांना दीड तास लागला, हे वेगळं सांगायला नकोच. तिसरा पाच मिनिटांत उरकेल आणि मग सामोसे खायला मिळतील, असं सगळ्यांना वाटत होतं. सामोसे थंड झाले, पण बोर्ड काही ठरला नाही.

त्याचं मूळ आदल्या शनिवारच्या मॉक ड्रिलमध्ये. सकाळी अकराला सायरन वाजला आणि सगळे जिन्याने खाली निघाले. आम्ही सतराव्या मजल्यावर. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती एकेक पायरी कठडा धरून उतरत होती आणि बाकीची बिल्डिंग आम्हाला ओव्हरटेक करत होती. जवळजवळ प्रत्येकाच्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग. एकाने तर ट्रॉली बॅगच आणली होती, आग संपल्यावर थेट एअरपोर्टला जाणार असल्यासारखी. एक मुलगी हेडफोन लावून कॉलवर बोलत बोलत उतरत होती, ‘‘येस येस, आय ॲम ऑडिबल.’’ अकराव्या मजल्यावर आई पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘‘तू हो पुढे, मी येते हळूहळू.’’ ड्रिल होतं म्हणून मी हसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य पुन्हा आठवलं, आणि मग झोप लागली नाही.

तर, मीटिंग. सेक्रेटरी काकांनी मजकूर तयारच आणला होता. ‘आग लागल्यास सर्व रहिवाशांनी लिफ्ट न वापरता जिन्याने ताबडतोब खाली यावे. अपवाद नाही.’ ‘अपवाद नाही’च्या खाली दोन रेघा. यावर नवव्या मजल्यावरचा, चार वर्षं लंडनला नोकरी करून परत आलेला मुलगा उठला. ‘‘काका, आमच्या तिथल्या बिल्डिंगमध्ये बरोब्बर उलटा बोर्ड होता. आग तुमच्या फ्लॅटमध्ये नसेल तर बाहेर पडू नका, दार लावून आतच थांबा.’’ झालं! अर्धी मीटिंग काकांच्या बाजूला, अर्धी लंडनच्या. मी मनातून लंडनच्या बाजूला. आई दार लावून टीव्ही बघत बसलीय आणि आग कुठेतरी खालच्या खाली विझतेय, हे चित्र मला फारच आवडलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये फायर ब्रिगेडमधून स्टेशन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले एक काका आहेत. मीटिंगला येतात, कोपऱ्यात बसतात, बोलत काही नाहीत. शेवटी कुणीतरी त्यांना गळ घातली, ‘‘काका, तुम्ही तर यातलेच. एका लायनीत सांगा ना, काय लिहायचं?’’

ते म्हणाले, ‘‘आग कुठे लागलीय?’’

‘‘अहो, लागली तर, असं म्हणतोय आम्ही.’’

‘‘मीही तेच विचारतोय. कुठे?’’

लोक हसले. मीटिंग पुढच्या रविवारपर्यंत तहकूब. मी मात्र त्या प्रश्नात अडकले. घरी येऊन आईला जेवायला वाढलं, लॅपटॉप उघडला आणि लंडनपासूनच सुरुवात केली.

आधी एक कबूल करायला हवं, लंडनचा तो बोर्ड मूर्खपणाचा नाही. ‘स्टे पुट’ म्हणतात त्याला. ब्रिटनमध्ये उंच इमारती बांधताना हिशेब असा केला गेला की प्रत्येक फ्लॅट ही काँक्रीटची एक पेटी आहे. भिंती, स्लॅब आणि दार आगीला बराच वेळ अडवून धरतात. एका पेटीत आग लागली तर ती त्याच पेटीत राहील, तोवर फायरमन येतील आणि विझवतील. मग बाकीच्या शंभर कुटुंबांना मध्यरात्री उठवून एका अरुंद जिन्यात कशाला ढकलायचं? त्याच जिन्याने फायरमनना होज घेऊन वर जायचंय. शिवाय लोक दारं उघडी टाकून पळतात आणि जिन्यात धूर भरतो. हे सगळं शंभर टक्के खरं आहे, आणि कितीतरी आगींत हा नियम मुकाट्याने लोकांचे जीव वाचवत आला. फक्त त्याच्या पोटात एक अट दडलेली होती. पेटी ही पेटी राहिली पाहिजे.

14 जून 2017 च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरची पेटी पेटी राहिली नाही. इमारत 24 मजल्यांची, जिना एकच. रात्री 12 वाजून 54 मिनिटांनी चौथ्या मजल्यावरून फोन गेला, किचनमध्ये फ्रिजजवळ आग आहे म्हणून. काही मिनिटांत बंब हजर. फायरमन वर गेले, फ्लॅटमध्ये शिरले, किचनमधली आग विझवली. पुस्तकाप्रमाणे काम संपलं होतं. पण तोवर आग खिडकीपाशी बाहेर पडून इमारतीच्या अंगावर चढली होती. नूतनीकरण करताना या इमारतीला बाहेरून चकाचक पॅनेलं बसवली होती. ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मधे पॉलिथिलीन. आपण पिशव्या बनवतो, तेच प्लास्टिक. दीडच्या सुमारास ज्वाळा थेट वरच्या टोकाला पोचल्या होत्या.

रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसत होतं की ही ‘एका फ्लॅटची आग’ नाही. पण आतून इमर्जन्सी नंबरवर फोन करणाऱ्यांना उत्तर मिळत होतं, घरातच थांबा, आमची माणसं तुमच्यापर्यंत पोचतील. कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांना इमारत दिसत नव्हती, आणि इमारत दिसणाऱ्यांना फोनवर काय बोलणं चाललंय ते धड कळत नव्हतं. ‘स्टे पुट’ अखेर मागे घेतलं गेलं 2 वाजून 47 मिनिटांनी. त्या आगीने 72 जणांचा बळी घेतला.

चौकशी झाली. सर मार्टिन मूर-बिक यांच्या अहवालाचा पहिला भाग ऑक्टोबर 2019 मध्ये आला. त्यात म्हटलंय की लोकांना बाहेर काढण्याचा निर्णय दीड ते एक पन्नासच्या दरम्यान व्हायला हवा होता, तो झाला असता तर कमी माणसं गेली असती. एक तास! आणि तो का गेला? फायरमन घाबरले म्हणून नाही. ते त्या धुरात पुन्हा पुन्हा वर जात होते, त्यांच्या धैर्याबद्दल अहवालात आदराने लिहिलंय. अडचण दुसरीच होती. ‘स्टे पुट’ हा लंडनच्या फायर ब्रिगेडमध्ये नियम उरला नव्हता, ती श्रद्धा झाली होती. तो मोडायचा विचारसुद्धा डोक्यात येऊ नये इतकी पक्की. सुरुवातीला घटनास्थळाची सूत्रं ज्याच्या हातात होती त्या अधिकाऱ्याला बाहेरची पॅनेलं पेटली तर ते कसं ओळखायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पूर्ण टॉवर रिकामा कधी आणि कसा करायचा, तेही नाही. नियम शिकवला होता, त्याच्या पोटातली अट नाही.

बरं, हे पहिल्यांदाच झालं असतं तर एक वेळ समजू शकलं असतं. 2009 मध्ये दक्षिण लंडनमधल्या लॅकनल हाऊस या 14 मजली इमारतीत अशीच आग अपेक्षेपेक्षा वेगळी वागली आणि सहा जण गेले, त्यातली तीन मुलं. त्यातली एक तरुण डिझायनर जवळपास चाळीस मिनिटं फोनवर कंट्रोल रूमशी बोलत होती. तिला घरातच राहायला सांगितलं गेलं. हे वाचलं तेव्हा मी उठून आईच्या खोलीत जाऊन आले. उगीचच. ती घोरत होती.

म्हणजे सेक्रेटरी काका बरोबर? सगळ्यांनी खाली पळायचं, अपवाद नाही? पण थांबा. आमच्या जिन्यात खालून धूर भरला असेल आणि मी आईला घेऊन त्यातच उतरायला लागले तर? आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त जातात, आणि धुराला वर चढायला जिन्यासारखी चिमणी नाही. एका आंधळ्या नियमाच्या जागी दुसरा आंधळा नियम बसवला की काम झालं, असं वाटणारे आपण सगळेच. ऑफिसात नाही का, एक प्रोसेस फेल गेली की त्यावर आणखी एक फॉर्म!

हा खेळ सगळ्यात लांब खेळले ते अमेरिकेतले जंगलातली आग विझवणारे लोक. त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या बोर्डाचं उत्तर मला शेवटी तिथे सापडलं.

5 ऑगस्ट 1949. माँटाना राज्यातली मॅन गल्च नावाची दरी. विमानातून पॅराशूटने उतरून वणवा विझवणारी पंधरा जणांची तुकडी, बहुतेक जण विशीच्या आसपासची पोरं. जमिनीवर त्यांना एक वनरक्षक येऊन मिळाला, एकूण सोळा. वणवा छोटा वाटत होता. मग वारा फिरला, आगीने दरी ओलांडली आणि उंच वाळलेल्या गवतातून ती त्यांच्यामागे चढाला लागली. फोरमन होता वॅग डॉज. त्याने सांगितलं, अवजारं टाका आणि पळा. थोड्या वेळात त्याच्या लक्षात आलं की आग आपल्यापेक्षा वेगाने येतेय, पळून उपयोग नाही. तेव्हा त्याने जे केलं ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं. खिशातली काडी ओढली आणि समोरचं गवत स्वतःच पेटवलं. ते भुर्रकन जळून गेलं, त्या जळक्या जागेत तो पालथा पडला आणि पोरांना ओरडून बोलवायला लागला, इकडे या, आत या.

आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढतं ना, त्यातलीच ही युक्ती. आधीच जळून गेलेल्या जमिनीवर पुन्हा काय जळणार? पण मागून वणवा येतोय आणि आपला बॉस पुढे आणखी आग लावतोय, हे बघून त्या पोरांना काय वाटलं असेल! कुणीही थांबलं नाही. सोळापैकी तेरा जण गेले. डॉज त्या राखेत पडून वाचला. दोघं जण कडा गाठून वाचले.

यातून 1957 मध्ये आल्या दहा आज्ञा. मॅन गल्च आणि नंतरच्या काही अशाच दुर्घटनांचा अभ्यास करून अमेरिकेच्या वनखात्याने लष्करी धर्तीवर दहा ‘स्टँडर्ड ऑर्डर्स’ काढल्या. हवामानाची माहिती ठेवा, आग आत्ता काय करतेय ते माहीत असू द्या, पळायच्या वाटा ठरवा आणि सगळ्यांना सांगा, डोकं शांत ठेवा, अशा. एकही आज्ञा चुकीची नाही. पुढे त्यात ‘सावध व्हा’ म्हणणाऱ्या 18 परिस्थितींची भर पडली. दहा आणि अठरा. नव्या पोरांना त्या पाठ कराव्या लागायच्या, खिशात कार्ड असायचं. आमच्या शाळेत पाढे होते तसं.

आणि 6 जुलै 1994 ला कोलोरॅडोमधल्या स्टॉर्म किंग डोंगरावर 14 जण गेले. सगळे शिकलेले, सगळ्यांना दहा आणि अठरा पाठ. चौकशी समितीने यादी समोर ठेवून टिकमार्क केले. दहापैकी आठ आज्ञांकडे दुर्लक्ष, अठरापैकी बारा धोक्यांकडे दुर्लक्ष. म्हणजे चूक कुणाची? ज्यांनी नियम पाळले नाहीत त्यांची. फाइल बंद.

पण जरा विचार करा. ‘आग आत्ता काय करतेय ते माहीत असू द्या’ ही आज्ञा आगीत सापडलेला कुठलाही माणूस मोडतोच. त्याला माहीत असतं तर तो सापडला असता का? अशी यादी मेलेल्या माणसाला नापास करायला उत्तम. जिवंत माणसाला दुपारी चार वाजता, वारा फिरत असताना, नेमकं काय करायचं ते सांगायला मात्र ती अपुरी पडते.

स्टॉर्म किंगची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कार्ल वाइक नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक आहेत, माणसं संस्थांमध्ये कशी विचार करतात याचा अभ्यास करणारे. त्यांनी मॅन गल्चवर 1993 मध्ये लिहिलं आणि मग स्टॉर्म किंगवरही. त्यांचा प्रश्न साधा होता, जीव वाचवायला पळताना ही माणसं अवजारं का टाकत नाहीत? डोंगरावर काही मृतदेह सापडले ते अवजारांसकट. वाचलेल्यांपैकी एकाने सांगितलं की पळता पळता त्याला जाणवलं, आपल्या खांद्यावर अजून चेन सॉ आहे, आणि मग तो ती कुठे ठेवली तर जळणार नाही अशी जागा शोधायला लागला! मागे वणवा, आणि हा सॉ ठेवायला जागा शोधतोय. हसू नका. अवजार म्हणजे त्याची ओळख होती. ते टाकलं की तो फायरफायटर उरत नव्हता, नुसता घाबरलेला माणूस उरत होता. शिवाय टाकायची सवयच कुणी लावली नव्हती. ट्रेनिंगमध्ये अवजार सांभाळायलाच शिकवतात.

आता माझ्या डोळ्यांसमोर आमचा जिना आला. लॅपटॉपच्या बॅगा, ती ट्रॉली, ‘आय ॲम ऑडिबल’.

मग 2001 मध्ये वॉशिंग्टन राज्यात थर्टीमाईलच्या आगीत चार जण गेले आणि गोष्ट कोर्टात पोचली. त्या तुकडीच्या प्रमुखावर 2006 मध्ये सदोष मनुष्यवधासारखे आरोप ठेवले गेले. 2008 मध्ये ते आरोप मागे पडले आणि खोटी माहिती दिल्याच्या दोन किरकोळ गुन्ह्यांवर प्रकरण मिटलं. पण निरोप जायचा तो गेला होता. यादी मोडली तर जेल. अनेकांनी वकिलाच्या खर्चासाठी विमे काढले. तपास करणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलायला लोक कचरायला लागले. आणि लोक खरं बोलले नाहीत तर पुढच्या तुकडीला शिकवणार काय?

विरोधाभास बघा. कोर्टात हे सगळं चालू असण्याच्या आधीच, 2005 च्या जूनमध्ये, त्याच वनखात्याचे लोक युटा राज्यातल्या अल्टा गावी बसले आणि त्यांनी उलट दिशा पकडली. आपण दर अपघातानंतर नियम वाढवत गेलो, आता इतके आहेत की सगळे एका वेळी पाळताच येत नाहीत, हे त्यांनी मान्य केलं. मग ठरवलं की मोजके नियम खरोखर न मोडण्याचे ठेवायचे आणि बाकी ठिकाणी तत्त्वं द्यायची. साहेबाने काय करायचं ते सांगण्यापेक्षा काय साधायचं आणि का, ते सांगायचं. जागेवरचा माणूस परिस्थिती बघून ठरवेल. ऐकायला मॅनेजमेंटच्या स्लाइडसारखं वाटतं, मान्य. पण ज्या खात्याने दहा आज्ञा लिहिल्या त्याच खात्याने हे म्हणणं सोपं नव्हतं. आज्ञा त्यांनी फेकल्या नाहीत, आजही शिकवतात. त्यांच्याकडे बघायची नजर बदलायचा प्रयत्न केला. तो पूर्ण जमलाय असं मी म्हणणार नाही. मोठी दुर्घटना झाली की यादी काढायचा मोह सगळ्यांनाच होतो.

नियम बदलायचा आणखी एक प्रामाणिक मार्ग असतो, तो म्हणजे पेटवून बघणं. कित्येक वर्षं अमेरिकेतल्या शहरी फायरमनना शिकवलं जायचं की बाहेरून खिडकीतून पाणी मारू नका, त्याने आग आतल्या माणसांकडे ढकलली जाते. आणि खिडक्या, छप्पर फोडून आधी धूर-उष्णता बाहेर काढा. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या फायर डिपार्टमेंटने संशोधकांना बरोबर घेऊन गव्हर्नर्स आयलंडवरची पाडायला काढलेली घरं खरीखुरी पेटवली आणि सेन्सर लावून मोजलं. निघालं ते असं की बाहेरून मारलेल्या पाण्याने आग आत ढकलली जात नाही, उलट खोली झपाट्याने थंड होते. आणि पाणी तयार नसताना खिडकी फोडली तर गुदमरत असलेल्या आगीला हवा मिळून ती भडकते. जुना नियम बनवणारे वेडे होते का? नाही. त्यांच्या काळात घरात लाकूड, कापूस, लोकर होती. आता सोफा म्हणजे फोम, पडदे म्हणजे पॉलिएस्टर. एका प्रसिद्ध प्रयोगात दोन दिवाणखाने शेजारी शेजारी पेटवले. जुन्या पद्धतीच्या फर्निचरचा पूर्ण पेटायला 29 मिनिटांहून जास्त वेळ लागला. आजच्या फर्निचरचा चार मिनिटांच्या आत. घरं बदलली होती, पण खिडकी फोडायचा नियम अजून जुन्याच घरात राहत होता.

याच प्रयोगांतून आपल्यासारख्यांच्या कामाची एक गोष्ट निघाली, ती म्हणजे बंद दार. साधं बेडरूमचं दार ओढून घेतलं तरी पलीकडची खोली बराच वेळ जगण्यालायक राहते. पळताना दार लावून पळा, अडकलात तरी दार लावा.

आणि आता ते उत्तर. 1990 मध्ये ॲरिझोनातल्या एका वणव्यात सहा जण गेले. तिथे पॉल ग्लीसन नावाचा एक अनुभवी तुकडीप्रमुख होता. त्याला कळलं की दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस गोष्टी कुणाच्याही डोक्यात एका वेळी राहत नाहीत. 1991 मध्ये त्याने चार शब्द मांडले. लुकआऊट, कम्युनिकेशन, एस्केप रूट, सेफ्टी झोन. कोण बघतंय? तो मला कसं सांगणार? मी कुठून निघणार? आणि कुठे पोचले की मी सुरक्षित? गंमत अशी की यात ‘पळा’ही नाही आणि ‘थांबा’ही नाही. चार प्रश्न आहेत, आणि उत्तरं आग बघून, आणि ती बदलली की पुन्हा द्यायची.

म्हणजे काकांचा ‘कुठे?’ हा प्रश्न विनोद नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं आणि ग्लीसनबद्दल सांगितलं. त्यांनी नाव ऐकलेलं नव्हतं. चारी शब्द ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘हं. चला, बघू या आपल्याकडे काय काय आहे.’’

आपल्याकडे काय निघालं ते ऐका. लुकआऊट, म्हणजे फायर पॅनेल वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. रात्रपाळीच्या वॉचमनला त्यातला लाल दिवा कुठल्या मजल्याचा ते वाचता येत नाही, कारण लेबलं उन्हाने उडालीत. कम्युनिकेशन, म्हणजे इंटरकॉम. एकशे बारा फ्लॅटपैकी किती चालू आहेत कुणालाच माहीत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण रात्री दोन वाजता सगळे तो म्यूट करून झोपतात. एस्केप रूट, म्हणजे दोन जिने. ड्रिलमध्ये सगळे एकाच जिन्याने उतरले, कारण दुसरा कुठे उघडतो हे अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या फायर डोअरला कुणीतरी वीट लावून ते उघडं ठेवलेलं. हवा येते म्हणे! काकांनी सतरा मजल्यांवरच्या विटा स्वतः उचलल्या.

आणि सेफ्टी झोन. आपल्याकडच्या 24 मीटरपेक्षा उंच इमारतींना रेफ्युज एरिया लागतो, आमचा पंधराव्या मजल्यावर आहे. आईला तळमजला गाठायचीच गरज नव्हती, दोन मजले उतरायचं होतं. दोन! मी तिला अकराव्यापर्यंत ओढत नेलं होतं. आम्ही तिथे गेलो तर आत टेबल टेनिसचं मोडकं टेबल, सात-आठ सायकली, कुणाचा तरी जुना फोमचा सोफा आणि थर्माकोलचं भलंमोठं गणपतीचं मखर, बंदी आल्यापासून तिथेच पडून. काका सोफ्याकडे बघत राहिले. ‘‘चार मिनिटं म्हणालीस ना?’’

या रविवारी पुन्हा मीटिंग झाली. सेक्रेटरी काकांना ‘अपवाद नाही’ खोडायला लावणं सगळ्यात अवघड गेलं. त्यांचं म्हणणं, लोकांना चॉइस दिला की लोक गोंधळतात. त्यांचं चुकत नाही हो. मध्यरात्री झोपेतून उठलेल्या माणसाला चार प्रश्न घालायचे म्हणजे अवघडच. शेवटी अशी तडजोड झाली की बोर्डवर न मोडायच्या फक्त तीन गोष्टी. लिफ्ट नाही. दार लावूनच बाहेर पडा. 101 ला फोन करा, दुसरा कुणी करेल असं धरून चालू नका. त्याखाली, जिना स्वच्छ असेल तर उतरा किंवा रेफ्युजला या. जिन्यात धूर असेल तर परत फिरा, दार लावा, फटीत ओले टॉवेल घाला, खिडकीपाशी थांबा आणि तुम्ही कुठे आहात ते फोनवर सांगा. परिस्थिती बदलली की निरोप बदलेल, तो ऐका. निरोप कोण देणार, त्याची नावं खाली, दिवसपाळीचं वेगळं, रात्रपाळीचं वेगळं. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांची यादी वॉचमनकडे. यादीत अकरा नावं निघाली. मला वाटत होतं आमचीच आई एकटी आहे.

मखर आणि सोफा सोमवारी गेला. सायकलींचे मालक अजून सापडायचेत.

काल संध्याकाळी मी आईला म्हटलं, चल, प्रॅक्टिस करू. घड्याळ लावलं. सतरावरून पंधरावर, कठडा धरून, सहा मिनिटं. दारातच मी तिला अडवलं होतं, कारण तिच्या खांद्याला तिची ती जाडजूड पर्स. मी तिला स्टॉर्म किंगची अख्खी गोष्ट सांगितली. चेन सॉ, वणवा, कार्ल वाइक, सगळं. म्हटलं, ‘‘आई, बॅग टाकायची. हीच तर मेन गोष्ट आहे.’’

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘अगं, त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या आहेत.’’